आमची आवड चौदाव्या वर्षी गोठवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला गाण्यांच्या आवडीवरचा लेख वाचला. तेव्हाच लिहायला बसणार होतो, पण म्हटलं एक रात्र जाऊ दे, डोकं थंड झालं की लिहू. झालं नाही, म्हणून लिहितोय.

लेख वाईट आहे असं नाही. आकडे भरपूर आहेत, आणि आकडे असले की घरातली तरुण मंडळी 'बघा बाबा, तुमच्याबद्दलच लिहिलंय' म्हणत पेपर नाकासमोर नाचवतात. म्हणून तर जास्त लागलं. लेखकमहाशय सांगतात, 2018 साली स्पॉटिफाय या गाणी ऐकायच्या ॲपच्या डेटावरून सिद्ध झालं की पुरुषांची सगळ्यात लाडकी गाणी ते 14 वर्षांचे असताना आलेली असतात आणि बायकांची 13. छान. मुलीकडून तो प्रकार मोबाईलवर काढून घेतला आणि वाचला. त्यात धरलीयत फक्त 1960 ते 2000 मध्ये अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या नंबरवर गेलेली गाणी! म्हणजे जे या जन्मात पहिल्या नंबरवर जाणार नाही ते ऐकणारा माणूस त्या हिशोबात येणारच नाही, आणि वर निष्कर्ष मात्र सगळ्या मानवजातीबद्दल. शिवाय मोजलंय काय, तर किती वेळा वाजलं. आमच्या घरात अकाउंट एकच आणि वापरणारे चौघं, त्यामुळे त्या ॲपच्या मते मी दुपारी 16 वर्षांचा असतो आणि रात्री दहानंतर पुन्हा 54 चा होतो.

बरं, हेच एकमेव संशोधन म्हणावं तर तसंही नाही. होलब्रूक आणि शिंडलर या दोघांनी 1989 मध्ये असंच काहीतरी तपासलं होतं, त्यांचं उत्तर आलं साधारण 23-24. मग 14 खरं का 24 खरं? मधली दहा वर्षं माझी आवड काय वेटिंग लिस्टवर होती?

आता माझी हकिगत सांगतो, कारण लेख वाचल्यापासून तीच डोक्यात फिरतेय.

1986 साल, मी पंधरा वर्षांचा. वडिलांनी रेडिओवरून रात्री जागून एक मैफल टेप केली होती, सी-90 कॅसेट, एका बाजूला 45 मिनिटं अख्खा मारवा राग, आधी संथ विलंबित मग जलद द्रुत. कुणी चुकून पुसू नये म्हणून कॅसेटच्या पाठीमागच्या दोन्ही प्लॅस्टिकच्या चकत्या त्यांनी मोडून ठेवल्या होत्या. ज्यांनी कॅसेटी वापरल्यात त्यांना माहितीय, चकती मोडली की रेकॉर्डचं बटण दाबलंच जात नाही. आणि त्यांना हेही माहितीय की त्या खाचेवर चिकटपट्टी लावली की दाबलं जातं. मी लावली. मित्राकडून एका रात्रीपुरता आणलेला गाण्यांचा माल होता, कोरी कॅसेट घरात नव्हती, सकाळी परत द्यायचा होता. सहा गाणी बसली, तीसेक मिनिटांची. पुढचा पंधरा मिनिटांचा द्रुत तसाच राहिला.

वडिलांना कळलं तेव्हा ते ओरडले नाहीत. कॅसेट उलटीपालटी करून बघितली आणि एवढंच म्हणाले, "चिकटपट्टी माझ्याच ड्रॉवरमधली होती ना?" अजून तो आवाज कानात आहे. ओरडले असते तर बरं झालं असतं.

पण खरी गंमत पुढेच आहे. ती सहा गाणी मी वर्षभर वाजवली आणि प्रत्येक वेळी सहावं संपलं की खाटकन् मधूनच तान सुरू व्हायची. उठून बंद करायचा कंटाळा. सुरुवातीला वैताग यायचा, हा काय पंचम नसलेला अधांतरी राग, कुठे टेकतच नाही मेला. मग सवय झाली. मग कधीतरी गाणी पुढे पळवून थेट तिथे यायला लागलो, मित्रांना अर्थातच पत्ता लागू दिला नाही. झायन्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1968 मध्येच दाखवून ठेवलंय की एखादी गोष्ट नुसती पुन्हा पुन्हा समोर आली तरी ती आवडायला लागते. मला ते आळसामुळे कळलं. बाकी अर्धा तास वडिलांचा तोच विलंबित पुढे जंग जंग पछाडून शोधला, नाही मिळाला. आता ज्याने हे गाणं पंधराव्या वर्षी पुसलं आणि आज रोज संध्याकाळी मारवाच लावतो, त्याची आवड तुमचे लेखक कुठल्या वर्षात गोठवणार?

आणि पंधराव्या वर्षीची आवड आपली असते असं तरी कशावरून? आमच्या चौघांच्या टोळीत एक जण जे ऐकेल तेच सगळे ऐकायचे. त्या सहातली दोन गाणी मला मुळीच आवडत नव्हती, पण सांगायची हिंमत कुणाला होती! त्या वयात गाणं म्हणजे ओळखपत्र असतं, कानाचा संबंध कमीच.

हां, आता खरं सांगायचं तर त्यातलं एखादं आजही कुठे लागलं तर शब्द न् शब्द येतो, पाय हलतो, घशात काहीतरी अडकतंसुद्धा. पण पाढेही अजून पाठ आहेत, म्हणून पाढे मला आवडतात असं कुणी म्हणत नाही. दहा ते तिशीतल्या आठवणी माणसाला जास्त लख्ख राहतात हे मान्य, पण ती आठवण झाली. आवड वेगळी. लेखात दोन्हीची सरमिसळ करून टाकलीय. 2013 च्या एका मोठ्या अभ्यासात, अडीच लाखांच्या वर माणसं होती त्यात, वयाबरोबर आवड सरकते असंच निघालं, पोरवयात धडाडधूम आणि मध्यमवयात शास्त्रीय-जॅझ वगैरेकडे कल. आणि त्याच वर्षीच्या आणखी एका अभ्यासात विशीतल्या मुलांना आईवडिलांच्या तरुणपणाची गाणीसुद्धा जवळची वाटली. लेखात दोन्हींचा उल्लेख नाही.

किंवा असेलही! कारण लेखाच्या शेवटी छापलं होतं 'उर्वरित पान 7 वर', आणि पान 7 वर वरपासून खालपर्यंत जाहिरात. पान 8 पाहिलं, 6 पाहिलं, रद्दीत टाकलेली आतली पुरवणीसुद्धा काढली. हे या दोन महिन्यांत तिसऱ्यांदा होतंय. लेखकांनी तिथे माझ्या सगळ्या मुद्द्यांना उत्तर दिलं असेल तर हे पत्र फाडून टाका, पण आधी तो उरलेला अर्धा लेख छापा.

आपला,
नियमित वाचक (अजून तरी)