पान 1 वर किरण, पान 9 वर उंदीर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकातली 'टीबी, एड्सवर किरणांचा अचूक वार' ही, किरणांनी जंतू मारायच्या नव्या उपचाराची बातमी ज्यांनी पहिल्या पानावर घेतली त्यांचं आधी अभिनंदन. सकाळी चहा व्हायच्या आत हडपसरहून सासूबाईंचा फोन, "जावईबापू, पेपर बघितला का, आता आपल्या बाळाला गोळ्या नकोत, मुंबईला नेऊन लाईट द्यायची." बाळ म्हणजे माझा मेव्हणा, तिशीतला, चाकणला नोकरीला, आणि सध्या साध्या औषधांना दाद न देणाऱ्या टीबीने बेजार. बातमीचं शेपूट पान 9 वर, आणि तिथे शेवटी शेवटी एक वाक्य की प्रयोग उंदरांवर झालेत. सासूबाई पान 9 पर्यंत गेल्याच नाहीत, आणि का जातील?

फोटो तर कहर. कॅन्सर हॉस्पिटलातलं ते मोठं मशीन, खाली पेशंट आडवा. अहो या उपचारात ते मशीन नसतंच! जंतूला ओळखून चिकटणारी अँटिबॉडी लॅबमध्ये बनवायची, तिच्यावर किरणोत्सारी अणू बसवायचा आणि इंजेक्शनने सोडायची, ती जंतूला जाऊन चिकटते आणि अणू तिथल्या तिथे किरण सोडतो, इतकं साधं आहे. मी बीएस्सी फिजिक्स करून आयुष्यभर बँकेत कारकुनी केली, मला कळतं तर तुमच्या आरोग्य प्रतिनिधीला का कळू नये.

आणि 'जगात प्रथमच'? न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइन्स्टाइन कॉलेज ऑफ मेडिसिनमध्ये एकातेरिना दादाचोवा आणि आर्तुरो कासादेवाल यांनी क्रिप्टोकोकस नावाच्या बुरशीवर उंदरांमध्ये हे करून दाखवलं ते 2003 मध्ये. एचआयव्हीचं काम 2013 च्या सुमारास गाजलं, तेही 15 पेशंटच्या काढून घेतलेल्या रक्तावर, पेशंटवर नाही. कॅन्सरमध्ये मात्र हीच युक्ती 2002 मध्येच अमेरिकेत मंजूर झाली, लिम्फोमा म्हणजे लसिकाग्रंथींच्या कॅन्सरसाठी. कल्पना हुशारीची आहे हे मी नाकारत नाही, उलट कॅन्सरची पेशी शेवटी आपलीच असते, जंतू परका, त्याच्या अंगावरची खूण आपल्या शरीरात कुठेच नसते म्हणून अँटिबॉडीची गल्लत व्हायची भीती कमी. हे इंटरेस्टिंग होतं ते तुम्ही छापलंच नाही. या प्रयोगांत वापरलेला बिस्मथ-213 हा किरणोत्सारी पदार्थ 46 मिनिटांत निम्मा संपतो, म्हणजे जिथे द्यायचा त्या हॉस्पिटलातच काढावा लागतो, संध्याकाळी स्वारगेटहून हिंजवडीला न्यायचा म्हटलं तर निम्म्याहून जास्त वाटेतच गेला. त्यात टीबीचा जंतू आपल्याच पेशींच्या आत दडून बसतो, तिथवर अँटिबॉडी पोचवणं हा वेगळाच ताप. आणि सासूबाईंना हवी ती 'लाईट', म्हणजे बाहेरून दिलेले किरण, म्हणाल तर पेनिसिलिनच्या आधी न्यूमोनियाला एक्स-रे देत होते, लहान मुलांच्या डोक्यातल्या गजकर्णालाही देत होते, त्यातल्या कित्येकांना पुढे थायरॉइडच्या आणि मेंदूच्या गाठी झाल्या. 2020 मध्ये दिल्लीच्या एम्सने कोविड पेशंटच्या छातीला किरणांचा अगदी कमी डोस देऊन बघितला, तो फुफ्फुसांची सूज उतरावी म्हणून, व्हायरस मारायला नव्हे. तुमच्या बातमीत या सगळ्याची एकच मिसळ झालीये.

पण मी पत्र लिहितोय ते फिजिक्ससाठी नाही. मेव्हण्याच्या गोळ्या चालू आहेत, बेडाक्विलिन, लिनेझोलिड, क्लोफाझिमिन आणि अजून काय काय, तोंडाला चव नाही, पायांना मुंग्या, क्लोफाझिमिनने चेहरा असा काळवंडलाय की शेजारचे विचारतात गावाला शेतीला गेला होता का. रात्री त्याचा फोन. "दाजी, आई म्हणते ते मुंबईचं होईपर्यंत गोळ्या थांबवल्या तर चालतील ना?" अगदी साध्या आवाजात विचारलं त्याने. मध्येच सोडल्या तर उरलेसुरले जंतू या औषधांनाही दाद देईनासे होतात, मग डॉक्टरांच्या हातात फारसं काही उरत नाही, हे टीबी केंद्रावरच्या सिस्टरने त्याला दहादा सांगितलंय. तरी विचारलं, कारण पेपरात आलंय.

मी स्कूटर काढून हडपसरला गेलो. कात्रण देव्हाऱ्यात, वर हळदकुंकू. सासूबाईंना उंदरांचं सांगितलं तर म्हणाल्या, "सगळी औषधं आधी उंदरांवरच करतात ना, मग?" यावर काय बोलणार, चूक तर काहीच नाही त्यांचं. त्याने गोळ्या घेतल्या माझ्यासमोर, पण चेहरा असा की जणू मुंबईची ट्रीटमेंट मीच अडवून धरलीये.

आता तुम्ही म्हणाल आम्ही विज्ञानाच्या बातम्या देतो हीच चूक का. द्या की! पण 2024 मध्ये मार्च-एप्रिलला देशभर टीबीच्या औषधांचा तुटवडा होता तेव्हा तुमच्याकडे चार ओळी, त्याही आतल्या पानावर. 2025 पर्यंत टीबीमुक्त भारत म्हणून जाहिराती पान भरून छापल्यात, त्याचं पुढे काय झालं हे विचारणारा अग्रलेख निदान माझ्या तरी वाचनात नाही. टीबी पेशंटला सरकारकडून मिळणाऱ्या पोषण आहाराचे महिन्याला 500 चे 1000 रुपये झाले, ते मेव्हण्याच्या खात्यात वेळेवर येत नाहीत, यावर पाठवा ना तो प्रतिनिधी.

जाता जाता, त्याच बातमीला खेटून 'सात दिवसांत फुफ्फुसं स्वच्छ' अशी कुठल्याशा काढ्याची जाहिरात आहे. पैसे घेऊन छापता ते ठीक, पण निदान टीबीच्या बातमीशेजारी तरी लावू नका हो. आणि माझं मागचं पत्र तुम्ही कापून असं छापलंत की मी पीएमपी बसवाल्यांच्या बाजूने लिहिलंय असा गल्लीत समज झाला, हे कापायचं असेल तर छापूच नका.

खुलासा पहिल्या पानावर, त्याच टाइपात, 'हा उपचार सध्या कुठल्याही टीबी पेशंटसाठी उपलब्ध नाही, चालू गोळ्या बंद करू नका' एवढाच पुरे. फोटो नको.

माझं नाव छापू नये, मेव्हण्याच्या कंपनीत अजून कोणाला सांगितलेलं नाही.

— एक वाचक, बिबवेवाडी, पुणे