पाडलेल्या सिटी हॉलचं घड्याळ

मा. नागरिकत्व व बहुसंस्कृती मंत्री,
ऑन्टारियो सरकार, टोरांटो

महोदय,

पत्र मराठीत आहे. तुमच्या खात्याच्या पाटीवरच 'बहुसंस्कृती' आहे, तेव्हा वाचून दाखवणारं कुणीतरी मिळेल. वारसा इमारतींचा कारभारही तुमच्याकडेच, म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

मी किचनेरला राहते. १९१६ साली या गावाचं 'बर्लिन' हे नाव पुसून ज्याचं नाव दिलं, तो लॉर्ड किचनेर त्याआधी हिंदुस्थानचा सरसेनापती होता. त्यामुळे नावाचं मला काही कौतुक नाही. गावाचं आहे.

इथल्या व्हिक्टोरिया पार्कात घड्याळाचा एक मनोरा उभा आहे. भारतातून पाहुणे आले की हमखास विचारतात, "आणि याची इमारत कुठाय?" इमारत म्हणजे १९२४ सालचा सिटी हॉल. १९७३ मध्ये तो पाडला आणि त्या जागी मॉल आणि ऑफिसांचा टॉवर आला. लोकांचं मत घेऊनच हे झालं, हे विशेष. पुढची वीस वर्षं नगरपालिका भाड्याच्या कचेरीत! मनोरा तेवढा वाचला आणि १९९५ मध्ये पार्कात आणून बसवला. वाडा पाडायचा आणि दिंडी दरवाजा शोभेला ठेवायचा, तशातली गत.

मी नव्याच्या विरोधात नाही. स्पर्धा घेऊन बांधलेला १९९३ चा नवा सिटी हॉल मला आवडतो. त्याच्यासमोरच्या चौकातलं पाणी हिवाळ्यात गोठवतात, माझी मुलगी तिथेच पडत-धडपडत स्केटिंग शिकली. सोरेलचे बर्फातले बूट जिथे व्हायचे त्या कॉफमन कारखान्यात आता लोकांची घरं आहेत, लँग टॅनरीत कॉम्प्युटरवाल्यांची ऑफिसं. १८९३ चं वॉल्पर हॉटेल आहेच. या थोरामोठ्यांसाठी बोलणारे पुष्कळ.

माझा जीव अडकलाय तो दोन मजली, पिवळ्या विटांच्या साध्या दुकानांत. त्या विटेवरून हात फिरवला की बोटांना बारीक रवा लागतो. अशा इमारती पालिकेच्या वारसा नोंदवहीत नुसत्या 'नोंदलेल्या' असतात. संरक्षण एवढंच, की पाडायच्या आधी मालकाने ६० दिवसांची नोटीस द्यायची. साठच दिवस! आमच्या सोसायटीत गच्चीच्या दुरुस्तीचा ठराव व्हायला याहून जास्त लागायचे.

२०२२ च्या विधेयक २३ ने तेही काढून घ्यायची सोय केली. मुदतीत पूर्ण संरक्षणाची प्रक्रिया सुरू झाली नाही, तर नाव नोंदवहीतून बाद, आणि पुन्हा पाच वर्षं नोंदवता येणार नाही. मुदत आधी १ जानेवारी २०२५ होती, ती वाढवून १ जानेवारी २०२७ केलीत. म्हणजे काम वेळेत उरकणार नाही, हे तुम्हालाही ठाऊक होतं. एकेका इमारतीचा इतिहास खणून कागद तयार करायचे, नऊपैकी दोन निकष सिद्ध करायचे, मालकाचे आक्षेप ऐकायचे. पालिकेत ही माणसं असतात किती?

घरं लवकर व्हावीत म्हणून हा कायदा, असं तुम्ही म्हणाल. घरांची टंचाई मला सांगू नका, मी बेसमेंटमध्ये दोन हिवाळे काढलेत. ६० दिवसांनी कुठलं घर अडलंय?

तेव्हा मुदत पुन्हा वाढवू नका, काढूनच टाका. पाच वर्षांची बंदीही. आणि कधी किचनेरला आलात तर त्या मनोऱ्यापाशी नक्की जा. पार्किंग मिळतं.

आपली,
किचनेरची एक रहिवासी