मातीचाही किल्लाच असतो

महोदय,

लंडनजवळ मुलाकडे असताना बर्कमस्टेडचा नॉर्मन किल्ला दोनदा पाहिला. रेल्वे स्थानकाला लागूनच आहे. १०६६ मध्ये फ्रान्सच्या नॉर्मंडीहून चालून आलेल्या विल्यमला इंग्रज सरदार याच गावी शरण आले. पुढे नॉर्मनांनी खंदक खणले, मातीची सुमारे १२ मीटर उंच टेकडी रचली, पायथ्याशी तटबंद आवार केले. दगडी भिंतींचे आता तुकडेच उरलेत. माती मात्र जागच्या जागी! दुहेरी खंदकाच्या काठाने चालताना किल्ल्याचा सगळा आकार पायांना कळतो. १८३० च्या दशकात रेल्वेच्या भरावाने दरवाजाकडचा भाग गिळला, याची हळहळ वाटली.

आमच्या गावच्या गढीची पांढरी माती आजही ट्रॉल्या भरभरून नेली जाते. ती उपसणी कृपया थांबवावी.

— एक निवृत्त शिक्षिका, बार्शी