सा अंतऱ्यावरून ठरव

नगर

प्रिय रूथ,

सलाम आणि आशीर्वाद.

पाळकसाहेबांनी क्वायर तुझ्याकडे सोपवल्याचं आईकडून कळलं. बारा जण, पेटी, तबला आणि कीबोर्डवाला एक उत्साही मुलगा, म्हणजे सामान भरपूर आहे. नाताळात चार आवाजांत काय बसवू, असं तू विचारलंस. त्याचं शेवटी लिहितो. आधी मंडळीच्या, म्हणजे बाकांवर बसलेल्या लोकांच्या, गाण्याकडे बघ. रविवारी उपासनेत पाच-सहा गाणी होतात आणि त्यातलं एखादं सोडलं तर बाकीची मंडळीनंच गायची असतात. क्वायर सुंदर गातेय आणि मंडळी पुस्तक मिटून ऐकतेय, असं दिसलं की समज, तुझं काम अर्धंच झालंय. १५२४ साली जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरच्या मंडळींचं पहिलं छोटं गीतपुस्तक निघालं, त्यात गाणी होती अवघी आठ. पण ती लोकांच्या भाषेत होती, म्हणून वेदीपाशी चालणारं गाणं बाकांपर्यंत आलं. ते पुन्हा स्टेजवर नेऊ नकोस.

मंडळी गात नाही याचं पहिलं कारण बहुतेक वेळा पट्टी असते, म्हणजे सा किती उंच धरला ते. पेटीवाला मुखडा गुणगुणून बघतो, काळी एक, म्हणजे सप्तकातली पहिली काळी पट्टी, त्याला बरी वाटते, तिचाच सा धरतो. मग अंतरा तार गंधाराला, म्हणजे वरच्या सप्तकातल्या ग ला, गेला की बायका गप्प होतात आणि पुरुष खालच्या सप्तकात उडी मारतात. सा अंतऱ्यावरून ठरव. गाण्यातला सगळ्यात वरचा सूर शोध, मग सगळ्यात खालचा. बायकांना मधल्या सीच्या वरच्या सप्तकातला डी कसाबसा येतो, त्यापुढे फक्त क्वायरवाल्या उरतात. पद तार गंधारापर्यंत जात असेल तर मधल्या सीच्या खालची काळी पाच धर, गंधार बरोबर त्या डीवर येतो. काळी एकमध्ये तोच गंधार एफवर जाऊन बसतो, तिथं मंडळी येणार नाही. पद मध्य सप्तकातच फिरत असेल तर काळी एक, काळी दोन खुशाल घे. सकाळच्या लवकरच्या उपासनेला आणखी अर्धा सूर खाली ये. आवाज तेव्हा झोपेतच असतात.

गाण्याचा नंबर दोनदा सांगायला सांग. सुरुवातीला अख्खी चाल वाजवू नका, शेवटची ओळ पुरे. तिच्यातून सूरही कळतो आणि लयही. दोन कडव्यांच्या मध्ये एक पूर्ण आवर्तन श्वासाला दे, आणि ते दर वेळी तेवढंच दे. कधी एक, कधी दीड असं झालं की लोक बिचकत सुरुवात करतात आणि पहिला शब्द क्वायरचाच ऐकू येतो.

लयीच्या दोन उलट्या खोड्या आहेत. इंग्रजी चालीवरची गीतं मोठ्या देवळात हळूहळू रेंगाळतात, कारण पेटीवाला मंडळीची वाट बघतो, मंडळी पेटीची. पदं आणि भजनं मात्र केरव्यात चढत जातात. तिसऱ्या कडव्यापर्यंत शब्द तोंडात मावत नाहीत. पहिल्या प्रकारात पेटीनं कुणाची वाट बघायची नाही. दुसऱ्यात तबलजीला पहिल्या कडव्यापुरता नुसता ठेका द्यायला सांग, लग्ग्या, म्हणजे जलद भरीचे बोल, नकोत. सत्तरीतल्या माणसाला एक ओळ एका श्वासात गाता आली पाहिजे, एवढं माप धर. मेथडिस्ट चळवळीच्या जॉन वेस्लीनं १७६१ साली गाण्याचे नियम छापले, त्यातही हेच सापडतं: जोरानं गा, पण इतरांना दाबून ओरडू नका, आणि लय सोडून पुढं-मागं जाऊ नका.

आता शब्द. इंग्रजी गीतांच्या चालीवर ८.६.८.६ असे आकडे असतात, ते ओळीतल्या अक्षरांचे. आकडे जुळले की एका गीताचे शब्द दुसऱ्या चालीवर गाता येतात. ‘अमेझिंग ग्रेस’चे शब्द १७७९ मध्ये छापले गेले आणि आपण गातो ती चाल त्यांना १८३५ मध्ये जोडली गेली. मराठीत मात्र आकडे जुळून भागत नाही. या ८.६ च्या चालींत पहिलं अक्षर समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेच्या, आधी येतं आणि वजन दुसऱ्या अक्षरावर पडतं. ‘कृपा’, ‘दया’, ‘क्षमा’, ‘पिता’ असे शब्द तिथं छान बसतात, कारण पहिलं अक्षर ऱ्हस्व आणि दुसरं दीर्घ. ‘येशू’ किंवा ‘देवा’ तिथं आला की ‘ये’ चिरडला जातो आणि ‘शू’ उगाच लांबतो. असे शब्द समेवरच सुरू होणाऱ्या चालीत हवेत. गीत निवडताना प्रत्येक कडव्याची पहिली ओळ मोठ्यानं गाऊन बघ. पहिलं कडवं बसलं म्हणून तिसरं बसेलच असं नाही. बसत नसेल तर ते कडवं गाळ, शब्द बदलू नकोस. मंडळीला जुने शब्द पाठ असतात.

अभंगाचं गणित वेगळं. मोठ्या अभंगाचे चरण ६-६-६-४ अक्षरांचे, त्यामुळे तो या चालींवर चढवायला जाऊ नये. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि १९१९ मध्ये गेले, तेवढ्या काळात त्यांनी आपल्या मंडळ्यांना मराठी मातीतली पदं आणि अभंग दिले. ते भजनी ठेक्यातच राहू देत. कीबोर्डवाल्या मुलाला एक गोष्ट प्रेमानं पण ठामपणे सांग: भैरवीतल्या पदाखाली सी-एफ-जी कॉर्ड लावायची नाही. भैरवीचे रे, ग, ध, नी कोमल असतात आणि त्या कॉर्डमध्ये शुद्ध सूर येतात, मग गाणारा गोंधळतो आणि मंडळी बेसूर होते. सा-पचा षड्ज-पंचम धरून ठेवला तरी पुरे. त्याला इंग्रजी चालींवर मन भरेपर्यंत वाजवू दे. फक्त स्पीकर मंडळीच्या तोंडावर ठेवू नका. माणसाला शेजाऱ्याचा आवाज ऐकू येईनासा झाला की तोही थांबतो.

नवीन गाणं महिन्याला एकच. पहिल्या रविवारी अर्पणाच्या वेळी ते क्वायरनं एकटीनं गावं, दुसऱ्या रविवारी मंडळीनं फक्त ध्रुपद घ्यावं, तिसऱ्याला सगळं. चौथ्या रविवारीही तेच गाणं हवं, नाहीतर ते पुस्तकात परत जातं.

आता चार आवाज. बारा जणांत खरा टेनर, म्हणजे उंच आवाजाचा पुरुष, एखादाच निघेल; बाकीचे पुरुष ओळीच्या शेवटी चालीवर घसरतात. म्हणून यंदा तीनच आवाज कर: सोप्रानो (बायकांचा वरचा), आल्टो (बायकांचा खालचा) आणि सगळ्या पुरुषांचा मिळून एक. शिकवताना आधी चाल आणि पुरुषांचा आवाज एकत्र पक्का कर, आल्टो सगळ्यात शेवटी घाल. आल्टोला एकाच सुरावर बराच वेळ राहावं लागतं आणि तिथंच पट्टी उतरते. हे तपासायचं असेल तर पेटी बंद करून कडवं गाऊन घे आणि शेवटी सा दाब. अर्धा सूर उतरला असेल तर एकेक ओळ वेगळी गाऊन कुठं उतरला ते शोध. बहुतेक वेळा एकाच सुरावर राहणारी किंवा खाली येणारी ओळ निघेल. सगळ्यांनी तिथं श्वास आधी घ्यायचा, पेन्सिलीनं खूण करायची. लांब सुरावर ‘देव’ असेल तर अर्धे ‘देवऽ’ म्हणतात, अर्धे ‘देव्’ म्हणून तोंड मिटतात. काय म्हणायचं ते आधी ठरवून घे. ‘अनंत’मधला ‘नं’ लांबवताना सूर ‘न’वर उघडा ठेवायचा, नाकातला भाग अगदी शेवटी. नाहीतर देवळात नुसती गुणगुण ऐकू येते.

पुरुष फारच कमी पडले तर ‘सायलेंट नाइट’चा मूळ प्रकार कर. १८१८ च्या नाताळात ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फला ते पहिल्यांदा गाइलं गेलं, तेव्हा दोन पुरुष आणि एक गिटार एवढंच होतं. क्वायर प्रत्येक कडव्याच्या शेवटच्या दोन ओळी परत म्हणत होती. वीज गेली तरी हे गाणं थांबत नाही.

तालीम ऑक्टोबरच्या मध्यापासून सुरू कर, आठवड्याला दोनदा, दीड तासाच्या वर नाही. नवीन गाणी तीनच. खरी भीती तालमीची नाही, घरोघर नाताळची गाणी म्हणत फिरायच्या कॅरोल राउंडची. डिसेंबरच्या थंडीत रात्री बारापर्यंत गल्ल्यांतून ओरडून गायलं की पंचवीस तारखेला सोप्रानोंचे घसे बसलेले असतात. राउंडला फक्त चाल, एक सूर खाली, आणि दर घरी सगळ्यांनी गायचं नाही, आळीपाळीनं. घसा बसलाच तर कुजबुजून बोलू देऊ नकोस, त्यानं आणखी बसतो.

आवाजांच्या प्रती काढून पाठवतो. पुरुष नक्की किती आणि त्यांतले किती दर वेळी येतात, तेवढं आधी कळव.

तुझे पप्पा