सेवेच्या वेळापत्रकात मोकळा वेळ ठेवा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

परमुलखात सेवेला निघालेल्या माणसाच्या हाती संस्था कितीतरी याद्या ठेवते. लसी कोणत्या घ्यायच्या, कागदपत्रे कोणती लागतील, तिथे काय घालावे आणि काय घालू नये, सगळे सांगितले जाते. दिवस कसा आखावा, हे मात्र कोणी सांगत नाही. मग मिळालेल्या दोन आठवड्यांत जेवढे कोंबता येईल तेवढे कोंबले जाते आणि ज्यांच्यासाठी एवढा प्रवास केला, तीच माणसे नजरेतून सुटतात. अशी पथके पाठवणाऱ्यांनी याचा गांभीर्याने विचार करावा, म्हणून हे पत्र.

घाईत शेजारचा माणूस दिसत नाही, हे मोजून पाहिलेले आहे. जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी प्रिन्स्टन येथील धर्मशिक्षण घेणाऱ्या ४० विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग १९७३ साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना जवळच्या इमारतीत जाऊन छोटेसे भाषण करायचे होते. वाटेत एक माणूस मान टाकून, खोकत, कण्हत बसलेला. ज्यांच्या हाताशी वेळ होता, त्यांच्यातले ६३ टक्के मदतीला थांबले. ‘उशीर झालाय, पळा’ असे ज्यांना सांगितले होते, त्यांच्यातले १० टक्केच. काही जणांच्या भाषणाचा विषय तर वाटेवरच्या जखमी प्रवाशाला मदत करणाऱ्या परोपकारी माणसाची बायबलमधली गोष्ट हाच होता, आणि त्यानेही लक्षणीय फरक पडला नाही. थोडक्यात, मनातल्या दयेपेक्षा हातातले घड्याळ भारी पडले. म्हणूनच स्वयंसेवकांना ‘संवेदनशील राहा’ असे बजावून भागत नाही. त्यांचे वेळापत्रकच सैल करावे लागते.

‘आणीबाणीत कुठला आलाय निवांतपणा?’ असे कोणी म्हणेल. रक्तस्राव थांबवताना किंवा कॉलऱ्याच्या रुग्णाला सलाईन लावताना हात झटपटच चालले पाहिजेत, यात वाद नाही. पण पश्चिम आफ्रिकेतली २०१४ ची इबोलाची साथ आठवा. डोक्यापासून पायापर्यंत अंग झाकलेली अनोळखी माणसे येत, प्रेत पिशवीत घालून नेत. लोकांनी प्रेते लपवली, रात्री गुपचूप पुरली आणि साथ आणखी पसरली. नव्या लागणींपैकी किमान २० टक्के अंत्यविधींच्या वेळी होतात, असे जागतिक आरोग्य संघटनेने त्या नोव्हेंबरमध्ये सांगितले आणि अंत्यविधींची नवी कार्यपद्धती जाहीर केली. तिच्यातला क्रम पाहण्यासारखा आहे. पथकाने संरक्षक पोशाख न घालता यायचे. गाडीतून सामान उतरवण्याआधी घरच्यांना अभिवादन करायचे, सांत्वन करायचे. कोणता विधी, कोणती प्रार्थना हवी ते विचारायचे, संमती घ्यायची आणि मगच पोशाख चढवायचा. आधी माणसाचा चेहरा दिसू द्यायचा, एवढीच ती गोष्ट. साथ आटोक्यात येणे या थोड्या मिनिटांवरही अवलंबून होते.

सगळ्यात जास्त घाई होते ती दुभाष्यामार्फत बोलताना. प्रत्येक वाक्य दोनदा बोलले जाणार, म्हणजे वीस मिनिटांच्या भेटीला चाळीस मिनिटे धरायलाच हवीत. ती धरली जात नाहीत. मग दुभाष्या पाच वाक्यांचे एक करतो आणि नेमकी अडचण त्या गाळलेल्या चार वाक्यांत राहून जाते. एक-दोन वाक्ये बोलून थांबावे. नजर दुभाष्याकडे नको, समोरच्या माणसाकडे हवी. घरातल्या लहान मुलाला दुभाष्या करू नये. आईच्या दुखण्याचे बोलणे त्याच्या तोंडून वदवणे दोघांनाही जाचक असते. भेटीआधी दहा मिनिटे दुभाष्याशी विषय बोलून घ्यावा. भेटीनंतरची दहा मिनिटे तर चुकवूच नयेत. त्या वेळी एकच विचारावे, ‘त्यांनी काय बोलायचे टाळले?’

‘समजले का?’ हा प्रश्न तर टाकूनच द्यावा. परक्या पाहुण्याला तोंडावर ‘नाही’ म्हणणे कितीतरी ठिकाणी उद्धटपणाचे मानतात. ‘हो’ म्हणजे ‘ऐकले’, इतकेच. त्याऐवजी ‘घरी गेल्यावर ही गोळी कशी घ्याल, मला दाखवा’ असे म्हणावे. चुकले तर दोष आपल्या सांगण्याचा मानावा आणि पुन्हा सांगावे.

प्रश्न विचारला की गप्प राहणेही शिकावे लागते. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेला आढळले, की शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एकच सेकंद थांबतात. ते तीन सेकंद किंवा अधिक थांबले, की मुलांची उत्तरे लांबतात आणि एरवी गप्प बसणारीही बोलू लागतात. ही स्वभाषेतल्या वर्गातली गोष्ट. परक्या भाषेत, परक्या माणसासमोर याहून अधिक थांबायला हवे. मनातल्या मनात पाच आकडे मोजावेत. त्या वेळात फोनकडे पाहू नये, हातातला कागद खाली ठेवावा आणि शक्यतो बसावे. दाराकडे अंग वळवून उभ्या राहिलेल्या माणसाला कोणी मनातले सांगत नाही. बाहेर गाडीचे इंजिन सुरू असेल तर नाहीच नाही.

नावाचेही तसेच. नाव त्यांच्या तोंडून दोनदा ऐकावे, आपल्या लिपीत लिहावे, म्हणून दाखवावे. नावाचा कोणता भाग हाक मारायला असतो, तेही विचारावे. अर्धा मिनिट लागतो.

ब्रिटिश अभ्यासक रॉबर्ट चेंबर्स यांनी धावत्या भेटींचे दोष फार पूर्वी दाखवून दिले होते. पाहुण्यांना पक्क्या रस्त्यालगतची घरे दिसतात, पुढारी आणि पुरुष भेटतात, दौरे कोरड्या ऋतूत होतात. आतल्या वस्तीतली बाई, अंथरुणाला खिळलेला म्हातारा, पावसाळ्यात तुटणारी वाट नजरेआडच राहते. म्हणून दोन आठवड्यांच्या मुक्कामात पहिले तीन दिवस काहीच काम ठेवू नये, दिवसाला पाच-सहापेक्षा जास्त घरे घेऊ नयेत, दोन भेटींमध्ये अर्धा तास मोकळा ठेवावा आणि रोज एकदा तरी पायी जावे. लोकांचा वेळ मात्र आपल्या मालकीचा नव्हे. कामाच्या ऐन घाईत कोणाच्या दारात तासभर बसून राहणे हाही त्रासच. आणि पाहणे म्हणजे फोटो काढणे नव्हे. पहिल्या भेटीत कॅमेरा बाहेरच येऊ नये.

शेवटी, देणगीदारांसाठी जो अहवाल भरला जातो त्यात ‘किती घरे झाली’ हा रकाना असतोच. त्याच्या शेजारी आणखी दोन रकाने घालावेत, अशी संस्थांना आग्रहाची विनंती आहे: ‘कोण भेटले नाही’ आणि ‘कोण भेटूनही बोलले नाही’. परतीच्या आधीचे दोन दिवस या दोन रकान्यांतल्या माणसांसाठी राखून ठेवावेत.

कळावे,
आपला वाचक