एका ऑर्डरीपुरता दिलेला नंबर

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

दिवाळी जवळ आली की घरगुती फराळाच्या जाहिराती मोबाइलवर येऊ लागतात, आणि त्यात गैर असे काहीच नाही. भाजणीची चकली, अनारसे, करंज्या करून विकणाऱ्या गृहिणींना आणि बचत गटांना बाजारपेठेतला गाळा, त्याचे डिपॉझिट आणि महिन्याचे भाडे परवडत नाही. त्यांचे दुकान व्हॉट्सअ‍ॅपवर आणि इन्स्टाग्रामवरच असते. मी वर्षभर अशाच व्यावसायिकांकडून खरेदी करते आणि पुढेही करणार आहे. त्यांच्या समाजमाध्यमांवरील वागण्याविषयी लिहिण्याचे कारणही हेच आहे. ओळखीवर चालणाऱ्या धंद्यात नाराज झालेला ग्राहक भिडेपोटी तोंडावर बोलत नाही. तो मुकाट्याने नंबर ब्लॉक करतो आणि विकणाऱ्याला आपले काय चुकले हे कधीच कळत नाही.

माझ्या मते सर्वांत गंभीर गैरवापर ग्राहकाच्या मोबाइल नंबरचा होतो. प्रदर्शनातल्या स्टॉलवर वहीत नंबर लिहून द्यावा किंवा अर्धा किलो शंकरपाळ्यांची ऑर्डर द्यावी, आणि आठवडाभरात न विचारता आपल्याला शे-दोनशे अनोळखी माणसांच्या ग्रुपमध्ये घातलेले असावे, हा अनुभव अनेक वाचकांना असेल. व्हॉट्सअ‍ॅपच्या साध्या ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर इतर सर्वांना दिसतो. म्हणजे एका बाईने विश्वासाने एका विक्रेतीला दिलेला नंबर त्या क्षणी शेकडो परक्यांच्या हाती पडतो, आणि मग रात्री-अपरात्री ‘हाय’ असे संदेश कोठून येऊ लागले याचा तिला उलगडा होत नाही. आपल्याला ग्रुपमध्ये कोणी घालावे हे ठरवण्याची सोय 2019 पासून उपलब्ध आहे हे खरे. पण ती ‘माझे कॉन्टॅक्ट्स’ एवढ्यावर ठेवली तरी उपयोग होत नाही, कारण ऑर्डर देण्यासाठी आपण विक्रेत्याचा नंबर सेव्ह केलेलाच असतो.

यावरचे उपाय फुकट आणि हाताशी आहेत. ब्रॉडकास्ट यादीतून पाठवलेला संदेश प्रत्येकाला स्वतंत्रपणे मिळतो, कोणाचा नंबर कोणाला दिसत नाही, आणि ज्याने विक्रेत्याचा नंबर सेव्ह केला आहे त्यालाच तो पोहोचतो. ज्याला नको असेल त्याने नंबर काढून टाकला की विषय संपतो. चॅनल सुरू केले तर तेथेही इतरांना नंबर दिसत नाहीत आणि यायचे की नाही हे ग्राहक ठरवतो. सर्वांत सौम्य मार्ग स्टेटसचा, कारण ज्याला पाहायचे तोच ते उघडतो. एवढे असूनही ग्रुप करायचाच असेल, तर आधी एका ओळीत विचारावे आणि कोणी बाहेर पडला तर त्याला पुन्हा आत ओढू नये. संसदेने 2023 मध्ये संमत केलेला डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा याच तत्त्वावर उभा आहे: माहिती ज्या कामासाठी दिली त्याच कामासाठी ती वापरावी आणि दिलेली संमती तितक्याच सहजपणे मागे घेता यावी. वास्तविक कायदा येण्यापूर्वीही शेजारधर्माने हे कळायला हवे होते.

नंबराइतकाच जपायला हवा तो ग्राहकाचा फोटो. घरी केक करणाऱ्यांच्या पानांवर केकबरोबर वाढदिवसाचे मूलही असते, केकवर त्याचे नाव आणि वय असते, आणि खाली आईच्या खात्याचा उल्लेख असतो. आई-वडिलांनी हौसेने पाठवलेला फोटो विक्रेतीला खूश करण्यासाठी होता, जाहिरातीसाठी नव्हे. निदान तसे विचारून घ्यावे. दुसऱ्याच्या पानावरून उचललेला किंवा इंटरनेटवरून घेतलेला चकलीचा फोटो आपला म्हणून टाकणे हा तर उघड खोटेपणा आहे. आपली चकली थोडी वेडीवाकडी दिसली तरी चालेल, पण डबा उघडल्यावर फोटोतलीच निघाली पाहिजे.

किमतीबाबतचा लपंडाव मला कधीच समजलेला नाही. साडीचा सुंदर फोटो टाकायचा, खाली चाळीस जणींनी किंमत विचारायची आणि प्रत्येकीला ‘इनबॉक्स केले आहे’ असे उत्तर द्यायचे, यात विकणारीचा वेळ जातो आणि विचारणारीला माणूस पाहून भाव सांगितला जातो की काय अशी शंका येते. प्रतिस्पर्धी भाव पाहून आपला भाव पाडतात आणि तूप-खोबऱ्याचे दर सतत बदलतात, या अडचणी मी ऐकल्या आहेत. पहिलीला फारसा अर्थ नाही, कारण प्रतिस्पर्धीही इनबॉक्समध्ये विचारू शकतो. दुसरीसाठी ‘हे दर अमुक तारखेपर्यंत’ एवढे लिहिले की पुरते. डिलिव्हरीचा खर्च धरून एकूण किंमत ग्राहकाला आधी कळावी, हीच 2020 च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांचीही दिशा आहे. विक्रेत्याने स्वतःच ग्राहक असल्याचे भासवून अभिप्राय लिहिण्यालाही त्या नियमांत मनाई आहे. तेव्हा जाऊबाई आणि भाचरांकडून पाच-पाच तारे गोळा करणाऱ्यांनी जरा विचार करावा. खाद्यपदार्थ विकणाऱ्यांनी किमतीबरोबरच आपला 14 अंकी एफएसएसएआय (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) क्रमांक, पदार्थात शेंगदाणे आहेत का, आणि तो किती दिवस टिकेल हेही लिहावे. सुरेख अक्षरांतल्या कवितेपेक्षा ग्राहकाला ते जास्त हवे असते.

तक्रार आली की मात्र खरी परीक्षा होते. ‘अनारसे फुटलेले आले’ असे कोणी फोटोखाली लिहिले की ती टिप्पणी काढून टाकणे आणि लिहिणारीला ब्लॉक करणे ही नेहमीची पद्धत आहे. त्याहून वाईट म्हणजे तक्रार करणाऱ्या ग्राहकाच्या खासगी संभाषणाचा स्क्रीनशॉट स्टोरीवर टाकून ‘बघा, कसे कसे लोक भेटतात’ असे लिहिणे. त्या स्क्रीनशॉटमध्ये कधी नाव, तर कधी घराचा पत्ताही असतो. विक्रेतीचा संताप मी समजू शकते, कारण दहा किलोची ऑर्डर देऊन ऐनवेळी फोन न उचलणारे आणि ‘एक तारा देईन’ अशी धमकी देणारे ग्राहकही कमी नाहीत. त्यांच्यासाठी आगाऊ रकमेचा नियम आधीच स्पष्ट लिहून ठेवावा. परंतु रास्त तक्रारीला तेथेच, सर्वांसमोर, ‘चूक झाली, आपल्याला फोन करते’ असे उत्तर दिले, तर ते वाचणाऱ्या इतरांचा विश्वास वाढतो असे मी पाहिले आहे.

जाता जाता आणखी एक. एखाद्या थोर व्यक्तीच्या निधनानंतर तासाभरात ‘भावपूर्ण श्रद्धांजली’च्या चित्रावर आपले बोधचिन्ह, मोबाइल नंबर आणि ‘सर्व प्रकारची फॅब्रिकेशनची कामे केली जातील’ ही ओळ छापून फिरवणे कृपया थांबवावे.

महिला आर्थिक विकास महामंडळ, ‘उमेद’ अभियान आणि जिल्हा उद्योग केंद्रे यांचा बचत गटांशी व नवउद्योजकांशी सतत संपर्क असतो. विक्रीविषयी मार्गदर्शन करताना चांगले फोटो आणि रील कशी काढावीत यावर त्यांनी जेवढा वेळ द्यावा, तेवढाच ब्रॉडकास्ट यादी कशी करावी, ग्राहकाची परवानगी कशी विचारावी आणि तक्रारीला उत्तर कसे लिहावे यावरही द्यावा, अशी आपल्या वृत्तपत्रामार्फत विनंती आहे. त्यासाठी अर्ध्या दिवसाचे सत्र पुरेसे होईल, आणि ते दिवाळीच्या ऑर्डरी सुरू होण्यापूर्वी झाले तर अधिक बरे.

आपली विश्वासू,
एक वाचक, डोंबिवली