औषधांचा खर्च आता माझ्याकडे

ती. बाबा आणि ती. आई,
शि. सा. न.

आधीच सांगून टाकते, म्हणजे फोनवर वाद नको. या महिन्यापासून तुम्हा दोघांची औषधं, तपासण्या आणि डॉक्टरांची फी माझ्या खात्यातून जाईल. दादाशी बोलणं झालंय, बँकेतही सांगून ठेवलंय.

बाबा, तुमची हिशेबाची वही चाळली, रागावू नका. औषधांचा आकडा उतरलेला बघून बरं वाटलं होतं. मग डबा उघडला, तर बीपीच्या गोळ्या सुरीने अर्ध्या केलेल्या. आईचा चष्मासुद्धा महिनोन्महिने ‘पुढच्या महिन्यात’च आहे. याला खर्च वाचला असं नाही म्हणत बाबा, उपचार राहिले म्हणतात. कामाच्या मावशींचा औषधांचा खर्च तर शून्यच, कारण गुडघा कितीही दुखला तरी त्या डॉक्टरांकडे जात नाहीत.

घरखर्चाच्या १० टक्क्यांहून जास्त पैसे खिशातून आजारपणावर गेले, तर जागतिक आरोग्य संघटना आणि जागतिक बँक २०२५ मध्ये माप बदलेपर्यंत तो खर्च घराला डोईजड धरत होत्या. तुम्ही ती रेघ केव्हाच ओलांडलीत. तेच बिल मावशींकडे आलं तर जेवणातून कापलं जाईल, तुमच्याकडे चष्म्यातून कापलं जातंय, आणि माझ्याकडे आलं तर फार तर एखादी सहल पुढे जाईल. म्हणून ते माझ्याकडे येऊ दे. मुलांच्या फीचे पैसे वेगळे आहेत, घराचा हप्ता वेळेवर जातो, ह्यांनाही हे मनापासून पटलंय. आणि तुमचा विमा अ‍ॅडमिट झालं तरच कामी येतो, रोजच्या गोळ्यांना नाही.

तुमच्या हिशेबात कमी पडलं असं मनातही आणू नका. मी लहान असताना माझ्या दम्याच्या औषधांचा खर्च तुम्ही वहीत कधी लिहिलाच नाहीत. आई रात्रभर पाठ चोळत बसायची. ते मला आठवतं.

तर आता ऐका. गोळी पूर्ण घ्यायची, डोस स्वतःच्या मनाने बदलायचा नाही. महाग वाटली तर त्याच घटकाची स्वस्त जेनेरिक गोळी चालेल का, हे डॉक्टरांना विचारायचं, लाजायचं नाही. इतके दिवस अर्धीच घेत होतात, हेही त्यांना स्पष्ट सांगायचं. पेन्शन तुमची तुम्हाला, वहीसुद्धा तुमचीच. आईचा नंबर शनिवारी तपासायचा आहे, वेळ घेतली आहे. फ्रेम तिलाच निवडू द्या.

तुमची,
छकुली